तीन चिमण्यांचा एक फोटो

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढं काही लिहिलेलं नव्हतं. वडील सही करायचे तीही वर्षा-दोन वर्षांतून एकदा, ग्रामपंचायतीच्या एखाद्या कागदावर, आणि तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचे. अशा घरातल्या माणसानं आपल्या आठवणी दुसऱ्यांना वाचायला द्याव्यात हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. फोटोंबद्दल लिहायचं तर तोही अधिकार नाही, कारण माझ्या मालकीचा कॅमेरा मला फार उशिरा मिळाला. तरी लिहितो. रोज समोर असलेल्या वस्तूत गंमत कशी सापडते, हे मी एका उन्हाळ्याच्या तोंडाशी शिकलो. तेवढं मला नक्की येतं, आणि जे नक्की येतं ते सांगायला हरकत नसावी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं गाव वाटूर फाट्यापासून चालत अर्ध्या तासावर. मी जालन्याला खोली करून बी.ए. करत होतो. कॉलेजात इतिहासाच्या सरांनी हौशी छायाचित्रण मंडळ काढलं होतं. सर पुण्याकडचे. मंडळात आम्ही नऊ जण आणि कॅमेरा एक. दर महिन्याला सर इतिहासाच्या खोलीतल्या फळ्यावर एकच शब्द लिहायचे. त्या शब्दावर फोटो काढायचा. कॅमेरा प्रत्येकाकडे दोन दिवस, आणि छत्तीसच्या रोलमधले प्रत्येकाला चार फोटो. नियम सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

"देऊळ नको. मावळता सूर्य नको. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या तर अजिबात नकोत. रोज दिसणारं दाखवा, आणि बघणारा हसला पाहिजे."

आम्हाला वाटलं, सोपं आहे. पहिल्या महिन्यात 'जोडी' हा शब्द आला आणि नऊपैकी सहा जणांनी बैलजोडी काढून आणली. सरांनी सहाही फोटो ओळीनं मांडले आणि म्हणाले, "बाजार भरलाय चांगला."

मग हळूहळू डोळे उघडले. 'गोल' या शब्दाला मंडळातल्या एका मुलीनं मोसंबीचा ढीग काढला होता, आणि ढिगाच्या मागं बसलेल्या विक्रेत्याचं टक्कल बरोबर मोसंब्यांच्या रांगेत आणलं होतं. 'वजन'ला कापडवाल्यांच्या मुलानं किराणा दुकानातल्या तराजूच्या पारड्यात झोपलेलं मांजर आणलं. माझा नंबर 'घाई'ला लागला. वाटूर फाट्यावर एक माणूस दाढीला बसला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच असताना त्याची गाडी सुटली. खांद्यावर न्हाव्याचं फडकं घेऊन तो गाडीमागं पळाला आणि त्याच्यामागं फडक्यासाठी न्हावी पळाला. माझा हात हलला होता, फोटो धूसर आला होता, पण सर पाच मिनिटं हसत होते. त्या दिवसापासून मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटायला लागला. वहीच्या मागच्या पानांवर मी गावातले विषय लिहून ठेवायला लागलो. चावडीसमोरचा वाकडा खांब, ज्याला टेकणारा प्रत्येक माणूस वाकडाच दिसतो. वासराच्या तोंडाला बांधलेलं मुसकं आणि शेजारी दात दुखतो म्हणून तोंड बांधून बसलेले आमचे चुलते. असे चाळीसएक विषय जमले होते.

तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत सरांनी जाहीर केलं की या वर्षीच्या शेवटच्या शब्दाला ज्याचा फोटो निवडला जाईल, त्याला मंडळाचा कॅमेरा सुट्टीचे दोन महिने घरी न्यायला मिळेल. बाकीच्यांना पुढचं वर्ष होतं. माझं कॉलेज संपत होतं. त्यानंतर माझ्या हातात कॅमेरा कधी येईल हे सांगता येत नव्हतं, आणि वहीतले चाळीस विषय गावात माझी वाट बघत होते. मला तो कॅमेरा पाहिजे होता. इतकं उघडपणे मी तोवर काही मागितलं नव्हतं.

मग सरांनी फळ्यावर शब्द लिहिला. चिमणी.

माझी पाळी दुसरीच होती. मी कॅमेरा घेऊन तडक गावी गेलो आणि आमच्या घरातली चिमणी काढली. कोनाड्यातली, पत्र्याची, रॉकेलची. आमच्याकडं वीज आलेली होती, पण ती पाहुण्यासारखी. दहावीचा माझा सगळा अभ्यास या चिमणीवर झालेला. संध्याकाळी ती लावली, चारही फोटो तिच्यावर खर्च केले आणि खुशीत परत आलो. हा विषय माझ्यासाठीच निघाला आहे असं मला वाटत होतं.

त्या शनिवारी मंडळाची बैठक होती. रोल पूर्ण व्हायचा होता, म्हणून सर नुसतं विचारत होते, कुणी काय काढलं. माझ्याकडं वळले.

"तू काय काढलंस?"

"चिमणी, सर."

"ते झालंच. कुठं बसली होती?"

"कोनाड्यात."

"छान. घरटं होतं का तिथं?"

"न्हाई सर. तिथंच असती ती. रोज."

"आणि तू एवढ्या जवळ गेलास तरी उडाली नाही?"

"न्हाई. फोटो झाल्यावर मीच विझवली."

सर थांबले. "काय केलीस?"

"फुंकर मारून विझवली, सर. रॉकेल जळतं उगंच."

खोलीत जे हसू फुटलं ते बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेलं. कापडवाल्यांचा मुलगा बाकावर डोकं टेकून हसत होता. मला तेव्हा कळलं की बाकीचे आठ जण दाणे घेऊन पाखरांमागं फिरत होते.

सर हसले नाहीत. म्हणाले, "शब्द तुझा बरोबर आहे. दिव्यालाही चिमणी म्हणतात, मलाच सुचलं नाही. पण काढताना तुझ्या मनात काय होतं?"

"दहावीचा अभ्यास तिच्यावर केल्ता, सर."

"मग तो फोटो बघून लोक 'बिचारा' म्हणतील. बिचारा म्हणवून घ्यायला आपण मंडळ काढलेलं नाही."

मला ते लागलं. पण खोलीवर जाईपर्यंत पटलंही होतं. दाढी अर्धी टाकून पळणाऱ्या माणसाला मी 'बिचारा' म्हणून काढलं नव्हतं. मग स्वतःच्या घराकडं बघतानाच माझा चेहरा एवढा गंभीर का झाला? गरिबी दाखवली की फोटो भारी होतो, असं मला आतून कुठंतरी वाटत होतं. तो माझा आळस होता, हे आज मी बिनदिक्कत सांगतो.

जुन्या जालन्यात एका चाचांचा फोटो स्टुडिओ होता. मंडळाचा रोल तेच भरून द्यायचे आणि तेच धुऊन द्यायचे. दोन दिवसांनी मी तिथं गेलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती.

"क्या मियाँ, चिमणी बुझाके आए बोलते?"

"चाचा, तुम्ही बी हसा आता."

"हँस नै रहा. तुमकू तीन चिमणियाँ मालूम, प्रोफेसर साब कू एक. तो गरीब कौन हुआ?"

"तीन कुठल्या? दोनच की."

"अंकुशनगर के कारखाने की भूल गए? इत्ती ऊँची, धुआँ छोड़ती सो?"

मी तिथल्या स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. साखर कारखान्याची चिमणी. माझे मामा त्याच कारखान्यात होते, लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी ती चिमणी बघितलेली. पाखरू, दिवा आणि धुराडं, तिघींचं नाव एक आणि तिघींना एकमेकींची ओळख नाही. त्या तिघी एका फोटोत बसल्या तर बघणारा आधी बुचकळ्यात पडेल आणि मग हसेल. मला खात्री होती. फक्त माझे चारही फोटो संपले होते.

चाचांनी त्यावर एक वाट सांगितली. "छत्तीस का रोल है. पन मैं भरता सो शुरू का हिस्सा जाया नै करता, तो सैंतीसवाँ बी निकलता. कभी पूरा, कभी आधा, कभी कुछ बी नै. आखिर का टुकड़ा चिकटपट्टी में रैता ना. गया तो सीधे हात की बाजू जाती. काम की चीज बाएँ हात कू रखना." म्हणजे फोटो तुटलाच तर उजवी कड जाणार, म्हणून महत्त्वाचं ते डावीकडं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे सदतिसावा फोटो मागितला. कापडवाल्यांचा मुलगा तिथंच होता. तो म्हणाला, "सर, मग ह्याचे पाच होतेत."

सर म्हणाले, "प्रत्येकाचे चार, असा नियम आहे. नऊ चोक छत्तीस. सदतिसावा कुणाचाच नाही, म्हणून जो मागेल त्याचा. यानं मागितला."

"आन् आलाच न्हाई तर, सर?"

"तर त्याच्या वाटणीला दिवा आहेच विझवलेला."

मार्चअखेर, सगळ्यांच्या पाळ्या झाल्यावर, मी कॅमेरा घेऊन अंबडमार्गे अंकुशनगरला गेलो. गळीत हंगाम संपत आला होता. चिमणी अजून धूर सोडत होती, पण मामा म्हणाले की आठ-दहा दिवसांत कारखाना बंद होईल. मामींनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. मी कशासाठी आलो ते सांगितलं तेव्हा त्या हातातली काठी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"म्हंजे पाखराचा आन् त्या धुराड्याचा फोटू काढायला आलास?"

"आन् दिव्याचा बी, मामी."

"भाचेबुवा, हे धुराडं माझ्या कुरडयांवर राख टाकतंय आन् ह्या चिमण्या हायेत त्या खाऊन राह्यल्यात. सकाळपासून काठी घिऊन बसले मी. ज्या दोघींनी माझा जीव खाल्ला त्यांचाच फोटू काढायला कॉलेजात घातलं का तुला?"

मामा आतून म्हणाले, "काढू दे की. तुझा थोडाच काढून राह्यलाय."

"माझा काढला असता तर बरं झालं असतं. काळी व्हायची बाकी हाय निस्ती, राखंनं."

तरी त्यांनी एका सकाळपुरती काठी खाली ठेवली. "हाकलत न्हाई. पन किती कुरडया गेल्या ते तुझ्या आईला मोजून सांगीन," एवढी अट घातली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी नीट दिसायची. मी खिडकीच्या कट्ट्यावर मधोमध मामींची रॉकेलची चिमणी ठेवली. मागं धुराडं दिव्याच्या डाव्या अंगाला येईल असा कॅमेरा एका डब्यावर टेकवला. चाचांनी सांगितलं होतं तसा भिंगाच्या कड्यावरचा आकडा सोळावर ठेवला, म्हणजे जवळचा दिवा आणि लांबचं धुराडं दोन्ही स्पष्ट येतात. दिव्याच्या डाव्या बाजूला कुरडईचा तुकडा ठेवला, म्हणजे पाखरू डावीकडं बसेल. सगळं चाचांच्या सांगण्याप्रमाणं होतं. फक्त पाखराला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

पहिला तासभर एकही आली नाही. बाजेवर मात्र पंधरा-वीस जणींचं जेवण चाललं होतं. मामी म्हणाल्या, "तू आ वासून बघतूस म्हणून येत न्हाईत. तिकडं तोंड कर." मी डब्यामागं मान वाकडी करून बसलो, बोट तेवढं बटणावर. माझ्याजवळ एकच फोटो होता आणि तोही असेल की नाही याची शाश्वती नव्हती. चार फोटो हातात असताना मी कधी एवढं नीट बघितलं नव्हतं. दिव्याच्या पत्र्याला पडलेला पोचा, धुराड्यावरची शिडी, धूर वाऱ्यानं कोणत्या बाजूला वळतो, सगळं त्या तासाभरात पाठ झालं.

शेवटी एक आली. डावीकडंच उतरली. माझं बोट दाबलं जाणार तोच तिनं कुरडईचा तुकडा चोचीत उचलला, दिव्यावरून उडी मारली आणि उजव्या कडेला जाऊन, आमच्याकडं पाठ करून निवांत खायला लागली. धूर नेमका तेव्हाच जाड निघाला. थांबलो असतो तर कदाचित ती परत डावीकडं आली असती. मी थांबलो नाही. दिवा, धुराडं आणि चोचीतून कुरडईची शेव लोंबणारी चिमणी, एवढं मला दिसलं आणि मी बटण दाबलं.

"झालं?" मामींनी विचारलं.

"झालं. पन ती उजवीकडं बसली."

"मंग काय झालं? उजवीकडं बसायला काय शिवी हाय का?" असं म्हणून त्यांनी काठी उचलली.

चाचांना मी कॅमेरा दिला आणि चिमणी उजवीकडं बसल्याचंही सांगितलं. ते नुसते "देखेंगे" म्हणाले. लग्नसराई सुरू झाली होती, मंडळाचा रोल धुवायला त्यांना फुरसत नव्हती. परीक्षा झाली, मी गावी आलो. माझा खोलीवरचा सोबती सुट्टीतही जालन्यालाच राहिला होता. फोटोचा निकाल लागला की तो परतूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप देणार होता, कंडक्टर फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला सांगणार होता आणि हॉटेलवाला आमच्या गावच्या कुणालाही. आमच्याकडं टपालापेक्षा ही सोय जास्त भरवशाची होती.

आठ दिवसांनी वडील फाट्यावरून आले ते गंभीर चेहऱ्यानं. आईला म्हणाले, "पाणी दे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जालन्याहून सांगावा आलाय तुला. चिमणी गेली म्हनं. बाकी समदं बराबर हाय."

आई तांब्या घेऊन उभीच राहिली. "अगं बाई. कुणाची पोर?"

"ते काय सांगितलं न्हाई."

"किती वर्साची होती रे?" आईनं मला विचारलं. "तुझ्या सोबत्याची बहीण का?"

"आई, पोरगी न्हाई. फोटोतली चिमणी."

वडील म्हणाले, "फोटो काढल्यावर गेली का?"

समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी आईनं "पाखरू तर पाखरू, जीवच की" म्हणून सुस्कारा सोडला. पण माझी खरी अडचण त्यांना सांगण्यासारखी नव्हती. फोटोत तीन चिमण्या होत्या. त्यातली गेली कोणती? की सगळा फोटोच गेला आणि निरोप्यानं थोडक्यात सांगितलं? संध्याकाळी मी फाट्यावर गेलो.

"कोणती चिमणी गेली म्हन्ले?" मी हॉटेलवाल्याला विचारलं.

"आता चिमण्या काय नाव घिऊन सांगतेत का? कंडक्टर म्हन्ला चिमणी गेली, म्या सांगितलं चिमणी गेली. त्यात माझ्या पदरचं काय बी न्हाई."

"आन् कॅमेऱ्याचं काय म्हन्ला?"

"कॅमेऱ्याचं काय न्हाई म्हन्ला. गाडी जल्दीत होती."

दुसऱ्या दिवशी उठून जालन्याला जायला पाहिजे होतं. गव्हाच्या मळणीला यंत्राचा नंबर लागला होता आणि घर सोडता येत नव्हतं, हे खरं. पण खरं सांगायचं तर मला जायची भीतीही वाटत होती. जोवर मी जात नव्हतो तोवर कॅमेरा माझा असण्याची शक्यता शिल्लक होती. मळणीचं भूस अंगावर घेत मी मनात हिशेब मांडत होतो. धुराडं गेलं असेल तरी दिवा आणि पाखरू पुरे. दिवा गेला तरी चालेल. पाखरू गेलं असेल तर मात्र सर म्हणतील, माझ्या मनातली चिमणीच यात नाही. आणि चाचांनी सांगितलं होतं, उजवी बाजू जाते.

मळणीच्या त्या चार दिवसांत एक झालं. कॅमेरा येवो न येवो, मी वहीतले चाळीसही विषय एकदा जागेवर जाऊन बघून आलो. वाकडा खांब कोणत्या वेळी जास्त वाकडा दिसतो, चुलत्यांना कुठं बसवलं तर वासरू शेजारी येईल, सगळं ठरवून ठेवलं. त्या चार दिवसांत मी जेवढं बघितलं तेवढं नंतर कॅमेरा हातात असतानाही क्वचित बघितलं.

पाचव्या दिवशी यंत्र दुसऱ्याच्या खळ्यात गेलं आणि मी फाट्यावर जाऊन जालन्याहून येणाऱ्या परतूरच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. गाडी थांबली. कंडक्टर दारातच होता, मला बघून म्हणाला, "तूच का तो चिमणीवाला? त्या स्टुडिओवाल्यानं काल मला लय बोलून घेतलं, अर्धाच निरोप दिला म्हणून. आता तोंडी काय न्हाई. हे घे." त्यानं तिकिटांच्या पेटीतून एक घडी केलेला कागद काढून दिला आणि घंटी मारली.

चाचांचं अक्षर होतं, देवनागरी पण उर्दूसारखं उजवीकडून कललेलं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचलं:

"सलाम. सैंतीसवाँ पूरा नै आया. सीधे हात की बाजू सफेद हो गई. दिया साफ, कारखाना साफ, धुआँ बी अच्छा. चिडिया की सिर्फ दुम आई. मैंने वैसाच बड़ा करके दिया. साब ने बहुत देर देखे, पूछे चिमणी किधर है. मैं बोला साब, दो तो सामने हैं, तीसरी कू आपके शागिर्द ने बुलाया था, खाके चली गई. साब हँसे, फिर दुम देखे, फिर हँसे. सबकू बुलाके दिखाए. कैमरा दो महीने तुम्हारा. ऑफिस की अलमारी में रखा है, शनिवार के अंदर आके ले जाओ, उसके बाद साब गाँव जाते."